डोंगरवाटेची बांधाबांध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी झालेली गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. पण आपल्या आळीतून दरसाल कोणी ना कोणी मोटारसायकलीवर किंवा जीपगाडीतून मनालीहून लेहला जाते, आणि सामान बांधायची वेळ आली की हाक आपल्यालाच येते. यंदा तर आपल्यातल्याच सहाजणी निघाल्या आहेत. गेल्या साली मी यजमानांबरोबर त्या वाटेने जाऊन आले, म्हणून त्याबद्दलच सांगते.

आधी कपडे. अंगालगत सुती कापड नको. ते घामाने भिजते, लवकर वाळत नाही, आणि मग गारवा हाडांत शिरतो. आत लोकरीचे पातळ, त्यावर स्वेटर, आणि वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. ऊन पडले की एकेक उतरवता येतात. मोज्यांचे चार जोड प्रत्येकी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत. त्यांतला एक रात्रीसाठी कोरडा राखावा, कितीही मोह झाला तरी दिवसा काढू नये.

आता खाणे. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे पाणी सुमारे 88 अंशांवरच उकळते, म्हणून कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. तेव्हा शिजवावे लागणार नाही असेच न्यावे: खजूर, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, मेतकूट, डिंकाचे लाडू. बंद पुड्या वर गेल्यावर फुग्यासारख्या फुगतात. त्या दाबून कोंबल्या तर फुटतात. पाणी मात्र तहान नसली तरी घोटघोट पीत राहावे.

गाडीवर सामान बांधताना जड वस्तू खाली, आणि दोन्ही बाजूंना वजन सारखे. पंक्चरचे सामान, जादा ट्यूब, क्लचची तार, प्लग, दोर आणि विजेरी हाताशी हवी, तळाशी नको. टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. तिथे टाकी काठोकाठ भरून घ्यावी. वाटेत नाले रस्त्यावरूनच वाहतात. दुपारी उन्हाने बर्फ वितळून त्यांचे पाणी चढते, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत.

भगिनींनो, सामान सगळे ठीक बांधले तरी एक गोष्ट कोणत्याच पिशवीत मावत नाही. माझ्या नणंदेचा मुलगा चांगला धट्टाकट्टा. मनालीहून निघाला, जिस्पाला थांबला नाही, आणि त्याच रात्री चौदा हजार फुटांवर सरचूला झोपला. रात्री डोके फुटेसे दुखले, ओकाऱ्या झाल्या. पण मित्र हसतील म्हणून तो बोलला नाही. सकाळी त्याला सरळ चालता येईना. सरचूची अडचण अशी, की कुठल्याही बाजूला जा, आधी घाट चढावाच लागतो. बारालाचा खिंड ओलांडून मित्रांनी त्याला केलाँगच्या दवाखान्यात नेले. प्राणवायू दिला, मुलगा वाचला. वेळीच बोलला असता तर इतके झाले नसते.

तेव्हा पहिला मुक्काम जिस्पा किंवा केलाँगला करावा. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या. डोके दुखले तर लगेच सांगावे, दुखत असताना आणखी वर चढू नये, आणि तोल जाऊ लागला तर वाट न पाहता खाली उतरावे. परत फिरण्यात कमीपणा नाही.

कोणी हिवाळ्यात गुलमर्गला बर्फावरच्या स्कूटरवर बसणार असेल तर साडीचा पदर, ओढणी, लोंबता मफलर घरीच ठेवावा; तो खालच्या पट्ट्यात अडकतो. काळा चष्मा हवाच, कारण बर्फावरून परतणारे ऊन डोळे भाजते. बोटे बधिर होऊन पांढरी पडली तर बर्फाने चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. कोमट पाण्यात ठेवावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत.

शेवटचे एक. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या वायूला वास नसतो, आणि झोपलेले माणूस उठत नाही.

आपण दुसऱ्यांच्या पिशव्या पुष्कळ बांधल्या. आता ज्या सहाजणी स्वतःच्या बांधत आहेत, त्यांनी एकमेकींना रोज सकाळी एवढेच विचारावे: “डोके दुखत नाही ना?” आणि उत्तर खरे द्यावे. त्यांचा प्रवास सुखाचा होवो.