पत्रादेवीची नावे पक्षांत वाटू नका

(मंडळाच्या वास्को येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या शहरात जमलो आहोत, त्याच शहरात १९ डिसेंबर १९६१ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. साडेचारशे वर्षांची राजवट वास्कोत संपली. आपल्या पेडणे-डिचोलीच्या वाट्याला त्यातली सुमारे पावणेदोनशे वर्षे आली. ही शरणागती आपल्या गावात झाली, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो आणि मगच दिल्लीकडे वळतो.

८ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राज्यसभेत गोव्याचा विषय काढला. पंडित नेहरूंना जगातील आपल्या प्रतिमेची काळजी होती, म्हणून गोव्याला आणखी पंधरा वर्षे परक्या सत्तेखाली राहावे लागले, असे त्यांचे म्हणणे होते. सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या जात असताना सैन्य पाठवले गेले नाही, हेही त्यांनी बोलून दाखवले. त्यानंतर सहा दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, गोव्यात विधानसभेचे मतदान होते. त्या दिवसांत आपल्या घराघरांत यावर बोलणे झाले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाके मुरडली.

आमचे मत सरळ सांगतो. त्या बोलण्यात आपले दुःख होते, आणि ते खरे होते. १५ ऑगस्ट १९४७ ते १९ डिसेंबर १९६१ हा काळ हिशेबाने चौदा वर्षे चार महिने भरतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारत सरकारने पोर्तुगालशी संबंध तोडले, गोव्याची कोंडी केली, पण सामूहिक सत्याग्रहही बंद पाडला. जे तुरुंगात होते ते तुरुंगातच राहिले. ही जखम कोणी संसदेत बोलून दाखवली, तर आम्ही त्याला राजकारण म्हणून उडवून लावणार नाही.

पण अर्धी आठवण ही आठवण नव्हे. पोर्तुगाल नाटोचा सभासद होता. दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणी त्याने १९५५ सालीच भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि त्या खटल्याचा निकाल १९६० साली लागला. बोलणी करून काम होईल ही आशा फोल ठरली, तेव्हा १९६१ साली सैन्य पाठवले ते याच नेहरूंनी. सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने अडला. उशीर झाला हे खरे, आणि हुकूम त्यांनीच दिला हेही खरे. दोन्ही वाक्ये एकत्र बोलता येत नसतील, तर आपण इतिहास बोलत नसून प्रचार करीत आहोत.

आता या विषयाचा गाभा. आपल्यापैकी पुष्कळांना जगन्नाथराव जोशी हे नाव माहीत आहे. मूळचे कर्नाटकातील नरगुंदचे, पण मराठी सभा हसवत हसवत जिंकणारे. जून १९५५ मध्ये जनसंघाच्या सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले, मार खाल्ला, पोर्तुगीज तुरुंगात राहिले. पुढे १९६७ साली भोपाळहून आणि १९७१ साली शाजापूरहून ते लोकसभेवर निवडून गेले. कट्टर राष्ट्रवादी विचारांचा हा खासदार. पण त्यांच्या आधी, मे महिन्यात, समाजवादी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट आत शिरले होते. जुलैमध्ये मधू लिमये आले आणि त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. रिव्होल्युशनरी सोशालिस्ट पक्षाचे त्रिदिब चौधरी तर त्या वेळी खासदारच होते, त्यांनाही बारा वर्षे. कम्युनिस्टांच्या तुकड्याही होत्या. संसदेत ज्यांचे एकमेकांशी पटणे शक्य नव्हते, ती माणसे गोव्यासाठी एकाच तुरुंगवासाला सामोरी गेली आणि १९५७ साली सुटली.

आणि पत्रादेवी? आपल्या पेडण्याच्या सीमेवरची ती जागा. तिथे तिरंगा घेऊन पुढे असलेल्या सागरच्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. त्या वाचल्या आणि पुढे काँग्रेसच्या खासदार झाल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच मरण पावला. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ संघाचे प्रचारक होते, त्यांनीही त्याच सत्याग्रहात प्राण दिले. काही वर्षे राजाभाऊंचे नाव घ्यायला एका बाजूचे लोक कचरत. आता दुसऱ्या बाजूचे लोक सहोदराबाईंचे नाव विसरतात. हा हिशेब कोणाच्या कामाचा? गोळी झाडणाऱ्या पोर्तुगीज शिपायाने कोणाचा पक्ष विचारला नव्हता.

आपल्या गोमंतकातल्या माणसांचे तर आणखी मागे पडले. आसनोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या छळाने गेले. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात भर बाजारात सुधाताई जोशी सभेच्या अध्यक्षपदी उभ्या राहिल्या आणि कैदेत गेल्या. सांगलीहून येऊन सावईवेऱ्याला मराठी शिकवणारे मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला, तरी ते जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मुक्तीनंतरची ही सात वर्षे कोणाच्या भाषणात येत नाहीत, कारण त्यांतून मते मिळत नाहीत.

आपलेही थोडे चुकले आहे. आपल्या जुन्या घराण्यांत सत्याग्रहींना रात्री भाकरी देणारे होते, रानातली वाट दाखवणारे होते. त्याच घराण्यांत पोर्तुगीज सरकारची चाकरी करणारेही होते. पहिले आपण सांगितले, पण लिहून ठेवले नाही. दुसरे आपण सांगितलेच नाही. बंदराच्या आणि रेल्वेच्या कामासाठी वास्कोत आलेली आपली कुटुंबे चवथीला गावी जातात, सप्ताहाला दामोदराच्या देवळात रांगेत उभी राहतात. पण वाटेवरच्या पत्रादेवीला किती जणांची गाडी थांबते? ज्यांनी ते दिवस जाणतेपणी पाहिले, त्यांतले सर्वांत लहानदेखील आज ऐंशीच्या घरात आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही. मग आपल्या आजोबांविषयी आपल्याला दिल्लीचे खासदार सांगतील आणि आपण मान डोलावू.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक कुटुंबाने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून १९५५ ते १९६१ ची हकीकत ऐकून निदान एक पान लिहावे, गैरसोयीची असली तरी लिहावे, आणि मंडळाकडे द्यावे. दोन, यंदापासून आपण मुलांना घेऊन पत्रादेवीला जावे आणि हुतात्म्यांची सर्व नावे मोठ्याने वाचावीत, पक्षाचा उल्लेख न करता. तीन, आमदार-खासदार हार घालायला येतील तेव्हा त्यांना नम्रपणे विचारावे, की हयात स्वातंत्र्यसैनिकांची विचारपूस कोण करते, आणि त्यांच्या वारसांचे किती अर्ज कचेरीत पडून आहेत? हा प्रश्न सत्तेवर कोणताही पक्ष असला तरी विचारायचा.

राष्ट्राभिमान आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण तो दुसऱ्याला दोष देण्यापुरताच उरला, तर पत्रादेवीच्या मातीशी ते इमान नव्हे. जगन्नाथराव आणि मधू लिमये एका लढ्यात उभे राहू शकले. त्यांची नावे तरी आपण एका दमात घेऊया.

जय हिंद. जय गोमंतक.