माहितीची फाईल वेगळी ठेवा

आज विषय थोडा तांत्रिक आहे. आपल्यातले बरेचजण सॉफ्टवेअरवाले आहेत, त्यांनी जरा कळ काढावी. मी बोलतोय ते उरलेल्यांशी.

वेबपान चालवणारी स्क्रिप्ट वेगळी आणि त्यावर दिसणारी माहिती वेगळी. पण हौशी पानांमध्ये दोन्ही एकत्र कालवलेली असतात. टोरोंटोजवळच्या एका मराठी मंडळाचं पान मी बघतो. तिथे वर्षभराचे कार्यक्रम स्क्रिप्टच्या पोटातच लिहिलेले होते. बर्फाच्या वादळामुळे संक्रांतीचा कार्यक्रम पुढे गेला, की समितीतल्या बायकांनी कोड लिहिणाऱ्या गृहस्थांना फोन करायचा. ते ऑफिसातून सुटले की मग तारीख बदलायची. एकदा एक अवतरणचिन्ह पुसलं गेलं आणि अख्खं पान कोरं! काम बायकांचं, किल्ली पुरुषाच्या खिशात. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

आता तारीख, जागा, विषय एका साध्या सीएसव्ही फाईलमध्ये असतात आणि ती समितीच भरते. पान उघडताना स्क्रिप्ट 'फेच' या आज्ञेने ती फाईल मागवते. फाईल यायला वेळ लागतो, म्हणून 'अवेट' लिहून स्क्रिप्टला थांबवायचं, नाहीतर ती रिकामी यादी दाखवून मोकळी होते. फाईल जागेवर नसली तरी 'फेच' स्वतःहून बोंब मारत नाही. आलेलं उत्तर ठीक आहे का ते तपासावं लागतं. आणि घरी पानावर डबल-क्लिक करून बघाल, तर ब्राउझर सुरक्षेपायी शेजारची फाईल वाचू देणार नाही. त्यासाठी आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवावा लागतो. बरेचजण इथेच हात टेकतात.

भरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील. पत्त्यात स्वल्पविराम असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात हवा. तारीख मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहा. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, शेजारच्या अमेरिकेत ४ मार्च, आणि कॅनडात दोन्ही!

ही काही आमची युक्ती नव्हे. टोरोंटोची टीटीसी आपल्या बस-ट्रामची वेळापत्रकं अशाच मजकूर-फाईलींमध्ये सर्वांना खुली देते: थांबे एकीत, फेऱ्या दुसरीत. त्यामुळे कुणीही विद्यार्थी त्यावर आपलं ॲप बांधू शकतो. १९६९पासून अधिकृत भाषा कायद्यामुळे इथल्या केंद्र सरकारला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत सेवा द्यावी लागते. अशा दुभाषी पानात शब्द प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवले, तर तिसरी फाईल मराठीची जोडताना मूळ कोडला फारसा हात लावावा लागत नाही. भाषांतर मग कोड न येणाऱ्या आजीही करू शकतात.

मात्र एक धोका आहे, आणि तो सॉफ्टवेअरवाल्यांनीही ऐकावा. ब्राउझरने मागवलेली फाईल पूर्णच्या पूर्ण वाचकाच्या संगणकावर उतरते. स्क्रिप्ट फक्त नावं दाखवत असेल, तरी फोन आणि पत्त्याचे रकाने त्या फाईलमध्ये असतात, आणि ते बघायला हॅकर व्हावं लागत नाही. एखादी बाई मारहाणीला कंटाळून घर सोडून नव्या गावी राहत असेल आणि आपल्या यादीत तिचा पत्ता असेल, तर तो कुणाच्या हाती लागेल याचा विचार करा. फाईलला अवघड नाव देणं म्हणजे कुलूप नव्हे. 'रोबोट्स' फाईलमध्ये तिचं नाव टाकून शोधयंत्रांना मनाई केली, तर उलट ती कुठे आहे याची पाटीच लागते. असे रकाने वेबच्या फोल्डरात ठेवायचेच नाहीत. ते सर्व्हरवर पासवर्डमागे ठेवायचे आणि खुल्या फाईलमध्ये फक्त कार्यक्रम.

आता पडद्यावर आमची फाईल उघडतो. प्रश्न मध्येच विचारलेत तरी चालेल.