खेळाचे यंत्र आणि भिशीचा नंबर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, तीही खेड तालुक्यातल्या आमच्या गावी. मागच्या सभेत अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "यंदा पाककृती नको, घरातली एखादी खरी अडचण सांगा आणि ती कशी निस्तरली तेही सांगा." अडचणींना आपल्या रहाटणीत काय तोटा! पण मी निवडलेली अडचण आपल्यापैकी पुष्कळ घरांत येऊन गेली आहे, नाहीतर येणार आहे. टीव्हीला जोडून खेळायचे ते नवे यंत्र, मुले ज्याला प्लेस्टेशन म्हणतात, ते घ्यावे की घेऊ नये?

आमच्या घरी हा प्रश्न असा आला. आमचे हे भोसरीला एका कारखान्यात टर्नर आहेत. धाकटा दहावीत गेला तेव्हा एकदा जेवताना हे बोलून गेले, "ऐंशी टक्के पाड, तुला प्लेस्टेशन घेऊन देतो." त्या वेळी ओव्हरटाइम जोरात होता. ताटावर बसून दिलेला शब्द पोरे विसरत नाहीत. मुलाने त्र्याऐंशी टक्के पाडले. तोवर ओव्हरटाइम बंद पडला होता आणि घरात एकरकमी पैसा एकच होता, तो माझ्या भिशीचा. आपली वीस जणींची तीन-तीन हजारांची भिशी. साठ हजार रुपये नुकतेच माझ्या हाती आले होते. शब्द यांचा आणि पैसा माझा, असा तो तिढा.

त्यात आणखी एक गाठ होती. थोरली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि टॅलीचा क्लास करते. मैत्रिणीचा लॅपटॉप रात्री मागून आणायचा आणि सकाळी परत द्यायचा, असे तिचे चालले होते. वर्षापूर्वी पोळ्या लाटताना मी तिला म्हणाले होते, "माझा नंबर लागू दे, तुला लॅपटॉप घेऊ." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा तिने विषय काढला नाही. मुली विषय काढत नाहीत. आमच्या गावाहून हायस्कूल सात किलोमीटरवर होते. भावाला सायकल आली, मला आली नाही, म्हणून माझी सातवी. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्याजवळ एकाच सायकलचे पैसे होते. पण साठ हजारांचे पाकीट कपाटात ठेवताना ती सायकल मला आठवली खरी.

तरी मी ठरविले, की वस्तू न बघता "नाही" म्हणायचे नाही. साडी घेताना आपण दहा दुकाने पालथी घालतो. मग इथेच का डोळे मिटावे?

मुलाला घेऊन पिंपरी कॅम्पात गेले. दुकानदार भला माणूस होता. "ताई, तुम्हाला काय कळणार" असे म्हणाला नाही, सगळे नीट सांगितले. हे यंत्र सोनी या जपानी कंपनीचे. त्याचा पाचवा अवतार परदेशात २०२० च्या नोव्हेंबरात आला आणि आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. तेव्हा किंमत होती ४९,९९० रुपये. मोबाइल जुना झाला की उतरतो, टीव्ही उतरतो. हे मात्र २०२२ साली चढून ५४,९९० झाले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याची सडपातळ आवृत्ती आली तीही त्याच किमतीला. तेव्हा "थांबू या, स्वस्त होईल" हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

यंत्राचे प्रकार दोन. एकात खेळाची तबकडी घालायला फट असते, दुसऱ्यात नसते. फट नसलेले तेव्हा दहा हजारांनी स्वस्त होते. मला वाटले, तेच घ्यावे. मग दुकानदाराने उलगडून सांगितले, की त्यावर प्रत्येक खेळ नेटवरूनच विकत घ्यावा लागतो. तो मित्राला उसना देता येत नाही आणि कंटाळा आला तरी विकता येत नाही. तबकडी म्हणजे स्टीलचे भांडे, मोडीत तरी जाते. शिवाय मोठा खेळ शंभर जीबीचा असतो. आमच्याकडे वायरचे नेट नाही, मोबाइलवर रोजचे दोन जीबी मिळतात. म्हणजे एक खेळ उतरवायला पन्नास दिवस, आणि तेवढे दिवस घरात कोणी व्हॉट्सअ‍ॅप बघायचे नाही! तबकडीच्या खेळालाही मागाहून दुरुस्त्या नेटवरूनच उतरवाव्या लागतात, पण निदान सगळा खेळ तरी उतरवावा लागत नाही.

नवीन खेळाची तबकडी पाच हजारांच्या घरात. दोघांनी खेळायचे तर हातात धरायचे दुसरे यंत्र हवे, ते सहा हजारांच्या आसपास. घरबसल्या परगावच्या मुलांशी खेळायचे तर बहुतेक विकतच्या खेळांना वर्षाची वर्गणी वेगळी. विजेचे मला भय होते, ते फोल ठरले. खेळताना ते साधारण दोनशे वॅट खाते, म्हणजे पाच तासांना एक युनिट. आपली इस्त्री त्याहून खादाड.

निघता निघता मी सहज विचारले, "आमच्या टीव्हीवर चालेल ना?" आमचा टीव्ही बत्तीस इंची, जुना. दुकानदार हसून म्हणाला, "चालेल, पण ज्याचे पैसे तुम्ही देताय ते दिसणार नाही." नव्या यंत्राचे बारीक रेखीव चित्र उतरायला टीव्हीही तसा लागतो. हे वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणले. मुलाचा चेहरा पडला होता, तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी, मुलगा आजवर जाऊन खेळायचा, ते ठिकाण बघायला गेले. कोकणे चौकाजवळ एक लहानसे दुकान आहे, तिथे तासाला ऐंशी रुपये देऊन मुले खेळतात. मनात म्हटले होते, काळोख असेल, धूर असेल. तसे काही नव्हते. चपला बाहेर नीट लावलेल्या, आत आठ-दहा पोरे. एकाने मला खुर्ची दिली आणि हातात यंत्र देऊन म्हणाला, "काकू, एक ओव्हर खेळा." मी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाबाद झाले. पोरे हसली. मीही हसले, आणि खरे सांगायचे तर दुसरी ओव्हर मागितली.

घरी येऊन वही काढली. यंत्र पंचावन्न हजार, जोडीचे हातातले सहा हजार, दोन तबकड्या दहा हजार, एकूण एकाहत्तर हजार. तासाला ऐंशीने भागले तर आठशे सत्याऐंशी तास होतात. आठवड्याला पाच तास धरले तर पैसे वसूल व्हायला जवळजवळ साडेतीन वर्षे. तोवर मुलगा कॉलेजात आणि बाजारात कदाचित सहावा अवतार! हा हिशेब मी मुलाकडूनच करवून घेतला. मी केला असता तर त्याला खोटा वाटला असता.

इथे आपल्यापैकी काही जणी म्हणतील, पैशाचे सोडा, मुले बिघडतात त्याचे काय? शेजारच्या काकूंनी मला तेच विचारले. मी त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. पैसे लावून फोनवर खेळतात तो जुगार. त्यात आपल्याच गल्लीत एक घर बुडता बुडता वाचले आहे. त्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कायदा करून बंदी घातली. हे यंत्र म्हणजे ते नव्हे. पण याचेही व्यसन लागते, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याला आजार म्हणून नाव दिले, आणि २०२२ पासून ते रोगांच्या यादीत लागू आहे. खूण अशी, की खेळणे आवरता येत नाही, अभ्यास, झोप, माणसे सगळे खेळामागे पडते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते. नुसते दोन तास खेळला म्हणून पोरगा आजारी नव्हे. आमच्या मुलाने दहावीच्या आधी तीन महिने त्या दुकानाची पायरी चढली नव्हती, कोणी न सांगता. माझ्या दृष्टीने ती परीक्षा तो तेव्हाच पास झाला होता.

आणखी एक सांगते, आयांनी लक्षात ठेवण्याजोगे. तबकडीच्या वेष्टनावर बहुधा चौकोनात आकडा असतो: ३, ७, १२, १६ किंवा १८. ते वय आहे, खेळाची अवघड-सोपी पायरी नव्हे. हिरवा आकडा लहानांचा, लाल अठरा म्हणजे मोठ्यांचा, मारामारीचा किंवा त्याहून वाईट. मला हे दुकानात कळले. त्याआधी मी एका नातलगाच्या आठ वर्षांच्या मुलाला लाल आकड्याची तबकडी वाढदिवसाला देणार होते!

रात्री जेवणे झाल्यावर मी पाकीट मध्ये ठेवले आणि दोन्ही शब्द सगळ्यांसमोर सांगितले, यांचा आणि माझा. हे खाली बघत राहिले. मुलगा म्हणाला, "ताईला कबूल केलं होतंस, हे मला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली, "मला नको, त्याला घे." तेव्हा मात्र मी रागावले. नको म्हणायची ही सवय तिला लागली ती माझ्याचकडून, म्हणून राग जास्त.

दोन दिवस मुलगा गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच तोड काढली. नखाते वस्तीत त्याच्या ओळखीच्या मुलाने नवे यंत्र घेतले होते आणि तो आपले चौथ्या अवताराचे विकत होता. ते यंत्र आपल्या देशात २०१४ साली आले. नवे मोठे खेळ आता त्यावर कमी कमी निघतात, पण क्रिकेटचा २०२३ साली आलेला खेळ त्यावर चालतो. फुटबॉलचा खेळ दर वर्षी नवा निघतो, त्यामुळे जुन्या वर्षाची तबकडी मागच्या वर्षीच्या कालनिर्णयासारखी स्वस्त मिळते. दोन हातातली यंत्रे आणि तीन तबकड्या धरून सतरा हजार. घेण्याआधी आम्ही त्यांच्याच घरी तासभर चालवून पाहिले. तबकडी अडकते का, हातातली कांडी आपोआप सरकते का, आणि त्या मुलाने आपले खाते त्यातून पुसले का, हे तीन मुद्दे मुलाने कागदावर लिहून नेले होते. लॅपटॉपला अडतीस हजार पडले. उरलेल्या पाच हजारांचे मी काय केले ते मात्र विचारू नका.

या गोष्टीला सहा महिने झाले. यंत्र बाहेरच्या खोलीत असते, रात्री नऊला बंद. सासूबाई शेजारी बसून "किती झाल्या?" म्हणून धावा विचारतात. मी आमच्या लग्नाची सीडी त्यात लावून पाहिली, ती काही चालली नाही. डीव्हीडी चालते म्हणे, ही जुनी सीडी नाही. सगळे गोड झाले असेही नाही. मित्र नव्यावर खेळतात म्हणून मुलगा अजून एखाद्या शनिवारी कोकणे चौकात जातो, आणि मी ऐंशी रुपये देते. हे अधूनमधून म्हणतात, "शब्द अर्धाच पाळला." पाळला खरा अर्धाच. आणि थोरली परवा लॅपटॉप मिटवून उठली, भावाच्या हातातले घेतले आणि त्याला सलग तीनदा हरविले.

एक विनंती करते आणि खाली बसते. यंत्राचा पंखा हल्ली फार घरघरतो. आत धूळ झाली असावी. रहाटणीत किंवा काळेवाडीत तो उघडून साफ करणारा कोणी भरवशाचा माणूस माहीत असेल, तर हळदीकुंकू झाल्यावर मला जरूर सांगा.