फट आणि ठोका



"तू नेमके काय काम करतोस, ते आम्हाला कळेल असे सांग," असे सरांनी फर्मावले आहे. तर सांगतो. यंत्रांचे भाग एकमेकांवर आदळतात, त्याचा मी अभ्यास करतो.

नंदुरबारकरांना हे नवे नाही. पथारीवर वाळलेली मिरची डंकावर जाते. तिथे मुसळ सावकाश उचलले जाते आणि एकदम सोडले जाते. वर जाताना वेग सलग बदलतो. उखळात पडताच तो क्षणात तुटतो. मिरची कुटली जाते ती त्या क्षणी. सेकंदाला ४ मीटर वेगाने आलेला १ किलोचा हातोडा सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर सरासरी बल ४,००० न्यूटन, म्हणजे जवळपास ४०० किलोचा भार. तोच दहाव्या भागात थांबवला, तर फक्त ४० न्यूटन. झेल घेताना आपण हात मागे नेतो तो यासाठीच.

डंकाला हवा असलेला ठोका रुळाला मात्र नको असतो. सुरत-भुसावळ गाडीतली जुनी खडखड आठवते ना? रुळांच्या सांध्यातल्या फटीवर चाक आदळायचे. अशा सांध्यांपाशी रूळ लवकर झिजतो, त्याला तडेही जातात. रूळ वितळजोडाने सलग केले, की ती खडखड जाते.

आता पिझो. गॅसच्या लायटरमध्ये छोटी हातोडी खास सिरॅमिकवर आपटते आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. दाबाने वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. उलटही घडते: वीज दिली की सिरॅमिक लांबते. ४० मिलिमीटरची कांडी साधारण ४० मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. पण ती अतिशय झटपट आणि मोठ्या जोराने ढकलते. काही डिझेल इंजिनांत इंधनाची फवारणी तीच उघड-बंद करते.

अडचण इथेही फटीचीच. कांडी झटकन आखडताना पुढच्या भागापासून सुटली, की पुढच्या वेळी ठोका बसतो. सिरॅमिक दाब सोसते. ताण सोसत नाही, तडकते. म्हणून कांडी स्प्रिंगने आधीच दाबून धरतात. फट पडूच द्यायची नाही, हे माझ्या कामाचे सार.

आपल्या शाळेतली कितीतरी मुले पुढे आयटीआयला, गॅरेजमध्ये, कारखान्यात जातात. आवाजावरून फट ओळखणारा मुलगा यंत्र वाचवतो, कधी स्वतःचा हातही. म्हणून एक विनंती: आपल्या निधीतून प्रयोगशाळेला पिझो चकत्या आणि एलईडी दिवे घेऊ या. टिचकी मारली की दिवा लुकलुकतो. बोटाने हळूच दाबले तर बहुधा नाही. इतक्या स्वस्तात ठोका डोळ्यांना दिसतो.

दहा चकत्या मी आणल्या आहेत. जेवण झाले की प्रयोगशाळेत या. पहिली टिचकी सरांची.