नाटक बसवायचे की घडवायचे?

(न्यासाच्या महोत्सवी मेळाव्यात कुंभारवाडा येथे केलेले भाषण)



न्यासाच्या शिक्षण समितीने आम्हाला विषय दिला तो असा : 'माध्यमिक शाळेतील नाट्यकलेचा तास आणि प्रकल्पपद्धती.' पत्र वाचून आम्हाला थोडे हसू आले. हसू विषयाचे नव्हे, 'प्रकल्प' या शब्दाचे. जोयडा तालुक्यात हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. येथे प्रकल्प म्हणजे काळी नदीवरचा जलविद्युत प्रकल्प, प्रकल्प म्हणजे व्याघ्रप्रकल्प, आणि अणशी घाट उतरून कद्र्याच्या बाजूला गेले की कैग्याचा अणुविद्युत प्रकल्प. प्रकल्प वरून येतो. मोजणी होते, कागद येतो, आणि माणूस प्रकल्पग्रस्त होतो. आपल्या भाषेने रोग, पूर आणि दुष्काळ यांच्या रांगेत हा एक शब्द नेऊन बसवला आहे, तो उगाच नव्हे. अशा तालुक्यात गुरुजींनी वर्गात येऊन 'मुलांनो, आता आपण प्रकल्प करू' असे म्हटले, तर एखाद्या शहाण्या मुलाने 'मग आम्ही कुठे जायचे?' असे विचारले तरी त्याला दोष देता येणार नाही.

शाळेतला प्रकल्प मात्र याच्या नेमका उलट आहे, आणि आमचे आजचे सारे म्हणणे एवढ्याच भेदावर उभे आहे. १९१८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम किलपॅट्रिक या शिक्षणशास्त्रज्ञांनी या पद्धतीवर एक निबंध लिहिला. हे जॉन ड्यूई यांचे शिष्य. मुलाने स्वतः मनापासून एखादा हेतू धरावा, चार जणांत मिळून तो तडीस न्यावा, आणि त्या धडपडीत जे शिकायचे ते शिकावे, असा त्यांचा विचार. मनातल्या कल्पनेला बाहेर आकार देणाऱ्या कामांची उदाहरणे देताना त्यांनी होडी बांधणे आणि पत्र लिहिणे यांच्या जोडीला नाटक करणे हेही सांगितले आहे. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. तेथे हेतूपेक्षा उद्योगावर भर होता, तरी हाताने केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही हे सूत्र एकच.

मग आज शाळाशाळांतून काय चालते? प्रकल्प म्हणजे रंगीत कागद, त्यावर डकवलेली चित्रे, आणि आदल्या रात्री जागून ते सारे करणारे वडील किंवा मोठी बहीण. आणि नाटक म्हणजे स्नेहसंमेलन. छापील पुस्तक आणायचे, पाठांतर चांगले असणारी पाच मुले निवडायची, पडदा आणि मिशा भाड्याने आणायच्या, आणि नाटक 'बसवायचे'. हे क्रियापदच पाहा. नाटकाबरोबर उरलेली पस्तीस मुलेही आपण बसवतो, सतरंजीवर!

आम्ही हे दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे हेच केले. सीमाभागातल्या एका हायस्कुलात आम्ही नोकरीला होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक आमची होती. त्या वर्षी ऐतिहासिक नाटक घेतले. नववीत रानातल्या वाडीवरचा एक कुणबी मुलगा होता. घरी कुणबी कोकणी, शाळेत दुसरीच भाषा. त्यामुळे वर्गात तो बोलतच नसे. 'याला कामात घ्या,' असे एका सहकाऱ्याने सुचवले म्हणून आम्ही त्याला भालदार केले. दोन तास भाला धरून उभे राहायचे, शब्द एकही नाही. आम्हाला वाटले, मुलाची सोय झाली.

प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात वीज गेली. पेट्रोमॅक्सची शोधाशोध सुरू झाली, प्रेक्षकांत गलका उठला. तेवढ्यात काळोखातून घुबडाचा घुत्कार आला. मग भेकराचे ओरडणे, पुन्हा जरा दुरून. मग शेतात शिरलेली रानडुकरे, आणि माळ्यावरून त्यांना हाकलणारी एक म्हातारी, तिच्या शिव्यांसकट! माणसे गप्प झाली, मग हसू लागली, मग पुन्हा गप्प झाली. आठदहा मिनिटे त्या मुलाने एकट्याने काळोखात सबंध रान उभे केले. दिवे आले. आणि आम्ही काय केले? विंगेतून त्याला खूण केली की, भाला घे आणि जागेवर उभा राहा.

तो उभा राहिला. पुढल्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. चौकशी करायला आम्ही त्याच्या वाडीवर गेलो नाही, हेही सांगून टाकतो. ते आजपर्यंत मनाला लागून आहे, आणि हे भाषण आम्ही पत्करले ते त्याच्यासाठी.

आता कोणी म्हणेल, लिखित संहितेशिवाय नाटक कसे होईल? तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. १८४२ साली होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीस गेली आणि तेथे त्यांनी आपले खेळ केले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करण्यास सांगितले, आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण त्याचीच आठवण म्हणून पाळतो. म्हणजे मराठी नाटकाचे बियाणे उत्तर कन्नडातून गेले, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या मंडळींना अधूनमधून सांगावी लागते. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. भाव्यांच्या नाटकात पदे लिहिलेली असत, ती सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. प्रसंग समजून घेऊन ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचे. यक्षगानातही प्रसंगाची पदे बांधलेली असतात आणि अर्थ नट आपल्या बुद्धीने बोलतो. आधी प्रसंग, मग तोंडचे बोलणे, आणि कागद सर्वांत शेवटी. मुलांच्या प्रकल्पात आम्ही सांगतो ती रीत हीच. ती अमेरिकेतून आणण्याची गरज नाही, कर्कीहून आणली तरी पुरे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ठाण्याचे घ्या. बालनाट्याला वाहून घेतलेले रत्नाकर मतकरी यांनी उतारवयात, २०१४ साली, समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांतल्या मुलामुलींनी आपल्याच आयुष्यातला विषय निवडायचा, आपणच नाटुकले रचायचे आणि करायचे. मतकरी २०२० साली गेले. ज्यांच्या नाटकातल्या राक्षस-चेटकिणींनी दोन पिढ्यांना हसवले, त्यांना शेवटी मुलांनीच लिहावे असे वाटले, हे आम्हाला फार बोलके वाटते. आणि खेड्यात नाटक कोण करणार, असे ज्यांना वाटते त्यांनी शेजारच्या शिवमोग्गा जिल्ह्यातले हेग्गोडू पाहून यावे. तेथे १९४९ साली निघालेल्या नीनासम् संस्थेच्या कामाबद्दल के. व्ही. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीच्या बागांतले ते गाव काही शहर नव्हे.

तर कुंभारवाड्याच्या नववीच्या वर्गाने काय करावे? दहावीला बोर्डाची परीक्षा असते, तेव्हा नववीच बरी. आठवड्याला दोन तास, एक सत्र. नाटकाचा विषय मुलांनी ठरवावा. जोयड्याच्या मेळ्यात मांडली जाणारी कंदमुळे हाही चांगला विषय आहे, आणि त्यात हसायलाही पुष्कळ मिळेल. पण आम्हाला विचाराल तर आम्ही त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवू : सुपे गाव पाण्याखाली गेले तेव्हा लोकांनी बरोबर काय नेले?

एवढाच प्रश्न. 'विस्थापनाचे सामाजिक परिणाम' असे मोठे नाव नको. पंधरा वर्षांच्या मुलीने सत्तर वर्षांच्या आजीला विचारता येईल असा प्रश्न हवा. सुपे हे तालुक्याचे ठाणे होते, तालुकाही त्याच नावाचा होता. गणेशगुडीचे धरण १९८७ साली पुरे झाले, १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब. हे आकडे मुले पाठ करतील आणि विसरतील. पण कोणी देव्हारा नेला, कोणी दाराची चौकट उपटून नेली, कोणी काहीच नेले नाही कारण पाणी इतके चढेल यावर त्याचा विश्वासच नव्हता, असे काही एकेका घरातून मिळाले, तर ते विसरणार नाही. काय मिळेल हे आम्हीही जाणत नाही, आणि शिक्षकालाही ते आधी माहीत नसावे.

प्रत्येक मुलाने एक उत्तर आणि शक्य तर ती वस्तू आणायची. वस्तू मध्ये ठेवून प्रसंग उभा करायचा, बोलून पाहायचा, मग कोणीतरी लिहून घ्यायचा. आजी कुणबी कोकणीत बोलेल, नोटीस कन्नडात वाचली जाईल, भजन मराठीत होईल. जे घरात तसेच आहे ते रंगमंचावर एका भाषेत कोंबण्याचे कारण काय? जो बोलत नाही तो आवाज काढील, दुसरा हिशेब ठेवील. ३३२ मीटर म्हणजे किती, ते मैदानावर दोरी टाकून मोजावे. मैदान पुरणार नाही, आणि मग एवढे धरण आठ हातांच्या रंगमंचावर कसे दाखवायचे या विवंचनेत वर्गाला जी कल्पना सुचेल, तीच नाट्यकलेचा धडा.

पहिला प्रयोग मात्र लोकांसमोर नको. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या वडीलधाऱ्यांना अंगणात बसवून त्यांच्यापुढे करावा. ते मध्येच म्हणतील, 'असे नव्हते रे!' ही मुलांची खरी परीक्षा. त्यानंतर कोणी काय बदलले हे ज्याच्या त्याच्या वहीत दिसेल, आणि गुण द्यायचे ते त्या वहीला, टाळ्यांना नव्हे.

आपल्यापैकी काही जण वीज खात्यात आहेत, काही वनखात्यात. ते अस्वस्थ झाले असतील तर त्यांना सांगतो की, मुलांनी धरणावर काम केलेल्या माणसालाही गाठले पाहिजे. त्यानेही घर सोडलेच होते. या मांडवातले दिवे विजेवर जळतात हे नाटकाने विसरू नये. जंगलात राहणाऱ्यांचे आणि वाघाचे भांडणही एका बाजूने सांगता येत नाही. कुंभारवाडा हे वनपरिक्षेत्राचेही नाव आहे.

अडचणी सांगितल्या नाहीत तर आम्ही फसवले असे होईल. गटात दोघे राबतात आणि सहा जण मजा पाहतात. हे होणारच, म्हणून कामे दर पंधरवड्याला बदलावी लागतात. मुलांच्या नाटकात शेवटी हटकून एक साहेब येतो, भाषण करतो आणि सारे सुरळीत होते. त्या साहेबाला मुलांशी भांडून घालवावे लागते. पण सर्वांत मोठा धोका शिक्षकाचा. शेवटच्या आठवड्यात त्याचा धीर सुटतो आणि तो रात्री बसून सारे संवाद स्वतः लिहून काढतो. आम्हीही भालदाराच्या प्रसंगानंतर काही वर्षांनी अशा पद्धतीचे नाटक करू पाहिले, आणि नेमके हेच केले. नाटक उत्तम झाले, बक्षीसही मिळाले, आणि मुलांना त्यातले काही आपले वाटले नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही हात बांधून बसलो. तो प्रयोग अडखळत झाला, दोनदा थांबला. पण त्यातली मुले आजही भेटली की तेच नाटक काढतात.

आता न्यासापुरते. महोत्सवानिमित्त शाळेला पक्का रंगमंच बांधून द्यावा, असा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे असे कळले. हेतू चांगला आहे, देणगीदारांच्या नावाची फरशीही बसेल. तरी आमची विनंती अशी की, रंगमंच एक वर्ष थांबवावा. आधी चाळीस वह्या, रामनगरला जाण्यायेण्याचे बसभाडे आणि आवाज टिपून घेण्याचे एक साधे यंत्र एवढा खर्च करावा. रंगमंच पुढल्या वर्षीही बांधता येईल. धरण भरताना जे पंचविशी-तिशीत होते, ते आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत. जे तेव्हाच म्हातारे होते, ते गेले.

मांडवाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी सुप्याची आठवण सांगणारे माणूस आहे, त्यांनी जेवायला जाण्यापूर्वी तीत आपले गाव आणि त्या माणसाचे नाव लिहून द्यावे. पेन नसेल तर नववीच्या दोन मुली तेथे बसल्या आहेत, त्या लिहून घेतील.