परवान्याच्या आडून गांवबंदी



कोणास गांवांत राहूं द्यावयाचें नसेल तर पूर्वी त्यास वेशीवर अडवीत. आतां घर बांधण्याचा परवाना नाकारतात. वेशीवरचा अडवणारा डोळ्यांस दिसे तरी; कागदाआडचा दिसत नाहीं, म्हणून तोच अधिक घातक असें आम्ही समजतों.

जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्या लोकांचें दास्य मोडणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला, हें आपण जाणतांच. दास्य कायद्यानें गेलें, पण त्यानंतर शंभर वर्षांनींहि तेथें काय चाललें होतें, तें आज सांगावयाचें आहे.

न्यू जर्सी राज्यांत माउंट लॉरेल नांवाचें गांव आहे. तेथें कित्येक पिढ्या राहिलेलीं काळ्या लोकांचीं कुटुंबें होतीं. त्यांतील कांहीं कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांची डागडुजी करून त्यांत संसार करीत. गांवच्या कमिटीनें हीं घरें राहण्यास अयोग्य ठरवावीं, पण दुसरी जागा मात्र देऊं नये! १९७० च्या सुमारास एथेल लॉरेन्स या बाई व त्यांचे सोबती यांनीं ३६ स्वस्त घरांची परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं.

नियमांत ‘काळा’ हा शब्द कोठेंहि नव्हता. निम्म्याहून अधिक जमीन अशा पट्ट्यांत घातली होती कीं, एका घरास सुमारें अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे, जागा हवीच. पाव हिश्श्याहून अधिक जमीन कारखान्यांसाठीं राखली होती, व तींतील बहुतेक ओसच पडली होती. नव्या वसाहतींत निजण्याच्या खोल्यासुद्धां मोजून दिल्या; कारण खोल्या वाढल्या कीं पोरें वाढणार, आणि पोरें वाढलीं कीं शाळेचा खर्च घरपट्टीवर पडणार! ज्याच्यापाशीं २० गुंठ्यांचा पैसा नाहीं, त्यास वेगळी बंदी कशाला हवी?

काळ्या लोकांच्या संघटनेनें १९७१ सालीं दावा लावला. १९७५ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला: जमिनीचे नियम करण्याचा अधिकार गांवास राज्याकडून सर्वांच्या हितासाठीं मिळालेला आहे, म्हणून गरिबांच्या घरांचा आपला रास्त वांटा गांवानें उचललाच पाहिजे. घरपट्टी वाचते, एवढें कारण पुरेसें नाहीं.

मग गांवानें काय केलें? तीन तुकडे मिळून अवघे २० एकर दाखविले, व तेहि गैरसोयीचे! तेव्हां १९८३ सालीं न्यायालयानें दुसरा निकाल दिला. ज्या बांधणाऱ्यास अडविलें, त्यानें दावा आणावा. तो गरिबांसाठीं पुरेशीं घरें, म्हणजे सुमारें पांचवा हिस्सा, देणार असेल व जागा योग्य असेल, तर न्यायालयच परवानगी देववील. हा चाबूक लागला. पण १९८५ च्या कायद्यानें पळवाटहि ठेविली: श्रीमंत गांवानें पैसे भरून आपल्या वांट्यापैकीं निम्म्यापर्यंत घरें दुसऱ्या गांवाच्या गळ्यांत घालावीं! ती पळवाट २००८ सालीं बंद झाली. लॉरेन्सबाई १९९४ सालीं वारल्या. त्यांच्या नांवाच्या वसाहतीचीं पहिलीं घरें २००० सालीं उघडलीं. मागणीपासून तीस वर्षें!

आमचे कांहीं मित्र म्हणतील, नियमच नकोत. आम्ही तसें म्हणत नाहीं. पाणी, गटार, रस्ता यांसाठीं नियम हवेतच. प्रश्न इतकाच कीं, नियम पाण्यासाठीं आहे कीं शेजार टाळण्यासाठीं?

आणि हा प्रश्न आपण दुसऱ्यासच विचारावा असें नाहीं. जोतीराव पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. आज पंचायतींत व म्युनिसिपालिट्यांत बहुजनसमाजाचीं माणसें बसतात. शिक्का आपल्या हातीं आला आहे. गांवकुसाबाहेरच्या बांधवाचा अर्ज आपल्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, तें आपणच मोजावें. तो अर्ज दडपणारा हात आपला असेल, तर भटशाहीस नांवें ठेवण्याचा अधिकार आपण गमावला.

ज्यांचा अर्ज नाकारला जाईल त्यांनीं कारण लेखी मागावें. तोच नियम कोणास लागला व कोणास सुटला, याचें टिपण ठेवावें. आणि एकट्यानें न लढतां संघटनेनें लढावें. लॉरेन्सबाई एकट्या असत्या, तर त्यांचा अर्ज दप्तरांतच कुजला असता.

सत्याचा जय असो!