दारावरची पाटी



गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक लहानशी, पण मनाला लागून राहिलेली गोष्ट घडली. महाविद्यालयांत शिकणाऱ्या माझ्या नातवानें अँड्रॉइड फोनासाठीं ध्वनिमुद्रणाचें एक ॲप स्वतः रचलें होतें. माझ्या थोरल्या बहिणीनें, अक्कांनीं, जात्यावरच्या ओव्या अर्धा तास म्हटल्या. मुद्रण संपून ॲप तें फाइलींत उतरवीत होतें. इतक्यांत अक्कांचें छायाचित्र घ्यावें म्हणून मुलानें कॅमेरा उघडला. फोन जुना, मेमरी तोकडी. परत येऊन पाहतों तों फाइल अर्धवट! “आजोबा, त्या कामासाठीं मीं वेगळा थ्रेड ठेवला होता,” तो रडकुंडीस येऊन म्हणाला. चूक शोधतांना आम्हां दोघांस जें उमगलें, तेंच आज सांगणार आहें.

चालूं असलेल्या ॲपची प्रोसेस हें एक बिऱ्हाड समजा. थ्रेड म्हणजे त्या बिऱ्हाडांत राबणारा माणूस. मुख्य थ्रेड दिवाणखान्यांत बसतो. पडदा सजविणें व बोटांच्या स्पर्शास उत्तर देणें ही त्याची नेमणूक. जड काम त्याच्याच माथीं मारलें, तर पाहुणा ताटकळतो. ५ सेकंद उत्तर न मिळाल्यास ॲप प्रतिसाद देत नसल्याची तंबी पडद्यावर झळकते. म्हणून जड कामास दुसरा थ्रेड हवा. येथवर नातवाचें बरोबरच होतें.

मग सर्व्हिस कशाला? पुष्कळांचा समज असा कीं, ती मागच्या खोलींतला दुसरा नोकर. तसें मुळींच नाहीं. निराळी व्यवस्था न केल्यास सर्व्हिसमधलें कामही मुख्य थ्रेडच करतो! सर्व्हिस ही नोकर नव्हे, दारावरची पाटी आहे: पडद्यावर कांहीं दिसत नसलें, तरी आंत काम चालूं आहे. अँड्रॉइड हा वाड्याचा मालक. जागा अपुरी पडली कीं, जें बिऱ्हाड कोणी पाहत नाहीं तें तो आधीं रिकामें करतो. आंत किती थ्रेड राबत आहेत, हें तो विचारीत नाहीं. प्रोसेस गेली कीं तिचे सारे थ्रेडही गेले. पाटी दिसली, तर मात्र तो शक्य तोंवर हात आंवरतो.

या पाट्यांचाही अतिरेक झाला व त्यानें बॅटरी खर्ची पडूं लागली. म्हणून २०१७ सालच्या ८.० आवृत्तीपासून मालकानें निर्बंध घातले. ॲप मागें गेल्यावर साधी सर्व्हिस थोड्याच वेळांत थांबविली जाते. काम पुढें चालवावयाचें, तर फोरग्राउंड सर्व्हिस करून वापरणाऱ्यास दिसेल अशी सूचना लावावी लागते. जें काम सावकाश झालें तरी चालेल, तें वर्कमॅनेजरकडे सोंपवावें. फोन बंद होऊन पुन्हां सुरू झाला, तरी तो तें विसरत नाहीं.

सारांश, काम कोणीं करावें, हा थ्रेडाचा प्रश्न. काम पुरें होईतों घर कोणीं राखावें, हा सर्व्हिसचा. एकाचें उत्तर दुसऱ्यास चालत नाहीं. नातवास दोन्ही हवीं होतीं. त्यानें एकच घेतलें.

दिवाळींत अक्कांनीं पुन्हां ओव्या म्हटल्या. या खेपेस सूचना लागलेली होती; फाइल पुरी उतरली. पण आमच्या आईवर रचलेल्या चार ओव्या त्यांना कांहीं केल्या आठवल्या नाहींत. नातू तेव्हांपासून नवें काम हातीं घेतांना आधीं पाटीचा विचार करतो.